माल आणि चक

आमच्याकडे एकाच नावाची दोन गावं असतात. जुनं ते माल, नंतर जंगल तोडून वसलेलं ते चक. लहान पोरालाही हा फरक कळतो. कचेरीतल्या संगणकाच्या डॉस प्रणालीला कळत नव्हता.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मी गडचिरोलीत सरकारी कचेरीत ऑपरेटर होतो. हातपंप हवे असलेल्या गावांचे अर्ज टाइप करायचे, गावागणिक एक फाइल, सगळं फ्लॉपीवर. फाइलचं नाव इंग्रजी आठ अक्षरांत. जास्त टाइप केलं तर मशीन पुढचं गुपचूप गाळायचं. त्याच नावाची फाइल आधीच असली तरी विचारायचं नाही, पुसून वर लिहायचं. असल्या यंत्राला काय म्हणावं! अशाच एका जोडगावाचं नावच आठ अक्षरांचं, त्यामुळे पुढचं माल-चक गळून दोन्ही फाइलींचं नाव एकच झालं. चक आधी टाइप केलं, माल नंतर. चक गेलं.

यादी मुंबईला रवाना झाली आणि आठवड्याने चकचा कोतवाल आला. साठीचा माणूस, अर्ज त्यानेच सायकलवर आणून दिले होते.

"साहेब, आमचं गाव काऊन नाई जी यादीत?"

"कागद आलेच नाईत, भाऊ."

"म्या सोता तुमच्या हाती देल्लो ना! मंग मशीननं खाल्लन का?"

शेजारचा कारकून हसला. "मशीन कागद खात नाई, बुढा. रस्त्यात नाल्यात पाडले असशीन."

अर्ज माझ्या पाठीमागच्या कपाटात, लाल फडक्यात बांधलेले होते. उठून काढायला मिनिट लागलं नसतं. पण मग चूक कबूल करावी लागली असती, आणि माझी नोकरी कच्ची होती. मी गप्प बसलो.

तो विचारात पडला. "नाल्यात पाणी होतं खरं," एवढंच म्हणाला.

पुढे वाचनात आलं, की आठ अक्षरांचा तो नियम आणखी जुन्या सिस्टिमकडून चालत आलेला. तिथे जागेची टंचाई होती, म्हणून. वाचून समाधान व्हायला हवं होतं. उलट चिडच आली. जागा नव्हती म्हणून नाव तोडलं, हे मी समजू शकतो. माझं तोंड कुणी तोडलं होतं?

चकला पंप दोन उन्हाळे उशिरा बसला. तोवर बाया नाल्यात झिरे खोदून पाणी भरत होत्या. आणि कोतवालाने गावात स्वतःच सांगितलं होतं, कागद आपल्याच हातून नाल्यात पडले. त्यानंतर लोक अर्ज त्याच्याकडे देईनात; दुसऱ्याबरोबर पाठवायचे. तो मरेपर्यंत.