वांझ म्हटलेलं झुडूप

तुर्सुनबोय अकांनी कात्री उचलली तेव्हाच मी आडवं पडायला हवं होतं. पडले नाही, त्याचा राग अजून माझा माझ्यावरच आहे.

आमच्या नमंगानच्या मोहल्ल्यात, चायखान्याच्या अंगणात, जांभळ्या फुलांचं लायलॅकचं एक झुडूप आहे. हुरसनोय ओपा (आमच्यात ओपा म्हणजे ताई, अका म्हणजे दादा) तिथे कामाला लागली तेव्हा ते झुडूप नव्हतं, जंगल होतं. वीस वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. खाली नुसती लाकडं, आणि फुलं कुठे, तर शेंड्याला, कावळ्यांनी बघावीत अशी. ओपालाही तेव्हा कुणी विचारत नव्हतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने, त्या एर्गाशने, तिला लग्नाच्या नवव्या वर्षी माहेरी पाठवलं होतं. एक बोचकं आणि बापाची जुनी करवत, एवढंच तिचं.

"एकदम कापायचं नाही," ती मला सांगायची. "तीन वर्षं धीर धरायचा. दर वर्षी तिसरा हिस्सा जाड बुंधे जमिनीलगत काढायचे, तेही फुलं गळाल्या-गळाल्या. उन्हाळ्यातच ते पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतं बाई, नंतर कात्री लावली की संपलं."

दोन वर्षं तिने तसं केलं. खालून कोवळे फुटवे आले, झुडूप माणसाच्या उंचीला आलं. तिसऱ्या वर्षी नवरोज, म्हणजे मार्चातला नव्या वर्षाचा सण, आला आणि घात झाला.

नवरोजच्या आधी आमच्यात हशर असतो, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याने मिळून फुकट राबायचं. पाट उपसायचे, झाडांना चुना फासायचा. चुना संपला तरी पुरुषांचे हात शिवशिवत राहतात. आम्ही बायका सुमलकच्या, म्हणजे मोडाच्या गव्हाच्या खिरीच्या, कढईपाशी. ती खाली लागू नये म्हणून ओपाला ढवळणं सोडता येत नव्हतं. मी चायखान्यात मोठा झारा आणायला गेले, तर मोहल्ल्याचे मुखिया तुर्सुनबोय अका कात्री घेऊन झुडपापुढे उभे.

"अका, ओपाला विचारा तरी," मी म्हटलं.

"झाडाची हजामत करायला बायकांची परवानगी काढू?" म्हणाले. सगळे हसले. मी मेली झारा घेऊन निघून आले. नंतर ओपा आणि मी परत गेलो तर झुडूप खरबुजासारखं गोल. ओपाने जमिनीवरची एक काडी उचलली, तिच्यावरच्या टपोऱ्या कळ्या मला दाखवल्या आणि अंगण झाडायला घेतलं.

एप्रिलात गावभर लायलॅक फुलला, आमच्याकडे नुसता पाला. एका दुपारी पुलावाच्या ताटांभोवती सगळे बसलेले, एर्गाशसुद्धा. हातातली कात्री पायाशी टाकत अका म्हणाले, "वांझ झालं ते. शुक्रवारी उपटा, कारंजं बसवू." आणि मिशीत हसून, "तसल्या हाताखाली दुसरं काय होणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर आणि वर शिरजोर. ओपा मात्र उठली. भिंतीपलीकडे अकांचंच घर, तिकडे गेली आणि हातात बरणी घेऊन आली. बरणीत जांभळ्या फुलांचे गच्च तुरे. मागोमाग अकांची बायको बाशोरत, गोंधळलेली.

"बाशोरत, ही फुलं कुठली?"

"आमच्या अंगणातली. भिंतीवरून तुमच्या झाडाची फांदी आलीये ना."

"ऐकलंत अका? तुमची कात्री पोचली नाही तिथे हेच झाड फुललंय. कळ्या तुम्ही कापल्यात, आणि वांझ झाडाला म्हणता."

ओपाने बरणी एर्गाशच्या ताटाशेजारी ठेवली.

"अकरा वर्षं मी गप्प बसले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्यानंतर याने दुसरी आणली. तिचा पाळणा हलला नाही, तिलाही पाठवली. आता तिसरी बघतोय. अका, मागणी घालायला पुढे तुम्हीच जाताय ना? त्या मुलीच्या आईला एवढं सांगा, की आधीच्या दोघींनाही वांझच म्हटलं होतं."

कुणी घास घेईना.

"झाड राहू दे," अका शेवटी पुटपुटले.

"राहणारच आहे," ओपा म्हणाली, आणि त्यांच्या पायाशी पडलेली कात्री उचलून घेऊन गेली.

एर्गाश ताटावरून उठला. त्याला बस, जेव, असं कुणीही म्हटलं नाही.