कापडाखालचा हात

शालिनीताई देवघरे यांच्याकडे मी प्रथम गेले ती बाबांचा हात धरून. बाबा तोफांच्या कारखान्यात नोकरीला, आणि ताईंचं घर सदर बाजाराच्या मागे. ताईंनी माझी चित्रं पाहिली, 'बरी आहेत' म्हणाल्या आणि मला ब्रश धुवायला बसवलं. पुढे बरेच दिवस मी ब्रशच धुतले. मला भयंकर राग यायचा, तो त्यांना दिसायचाही, पण त्या बधल्या नाहीत.

शाळेत चित्रकला शिकवून ताई निवृत्त झाल्या, तरी त्यांचं खरं काम शहराबाहेर, कुंडमकडच्या गावांतलं. तिथल्या आदिवासी बायका दंडापायांवर गोंदवून घेत; मेल्यावर सोबत येणारा दागिना तेवढाच, असं त्या मानतात. फुलवतीबाई तिथल्या जुन्या गोंदणाऱ्या. त्यांच्या नाती मात्र आता सुई जवळ येऊ देत नाहीत. गोंदायला अंगच मिळालं नाही तर ही नक्षी फुलवतीबाईंबरोबरच जाणार, याची ताईंना काळजी लागली होती. ती कागदावर तरी उतरावी म्हणून त्यांनी बाईंना आग्रहाने घरी आणलं.

फुलवतीबाई सकाळभर कागदासमोर बसून राहिल्या. एक रेघ उमटेना. झालं, संपलं सगळं, असं वाटून मी चुळबुळ करू लागले, तशा ताई माझ्यावर डाफरल्या, "काहून घाबरून राहिली तू? आधी जेवू दे त्यांना." जेवणं झाल्यावर बाई हळूच म्हणाल्या,

"दीदी, कागद को दुखत नइयाँ. हाथ कैसे चले?"

एका हाताने कातडी ताणायची आणि समोरच्या बाईची आवळलेली मूठ पाहत टोचायचं, ही त्यांची जन्माची सवय; कागदाला तर दुखतच नाही. ताईंनी वाद घातला नाही. मांजरपाटाचा तुकडा स्वतःच्या डाव्या हातावर गुंडाळला आणि हात पुढे केला. फुलवतीबाईंनी तो ताणून धरला, काडी शाईत बुडवली आणि गुणगुणत काम सुरू केलं. मला रडूच आलं.

त्या कापडांचं पुढे प्रदर्शन लागलं, तेव्हा फलकावर ताईंचं नाव मोठं होतं. ताईंनी तो उतरवायला लावला. माझा नुसता हात होता, एवढंच त्या आयोजकांना म्हणाल्या.

आम्ही शिष्यांनी आपापले हात देऊन पाहिले, लाकडाचा ओंडकाही ठेवून पाहिला. फुलवतीबाईंना काही पटत नाही. आमच्या हातांना म्हणे धीर नाही. आज ताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. खांदा दुखतो, डॉक्टर हात लांबवून बसू नका म्हणतात, आणि ताई ऐकत नाहीत. फुलवतीबाईंची निम्मी नक्षी अजून कापडावर यायची आहे.

ताई, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. रागावणार नसाल तर सांगते, सगळ्यात आधी आपल्या डाव्या हाताला.