विजेच्या खांबाएवढी ज्वारी

दगडाबाईंच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून त्यांच्या आईनं हे नाव ठेवलं. न्यायला आलेल्याला वाटावं, इथं मूल नाही, दगड आहे, आणि त्यानं परत जावं. पुढे त्या नर्सिंग शिकल्या, कळंबच्या बाहेर येरमाळ्याच्या रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागल्या, आणि त्यांच्या वाट्याला नेमकी मागची खोली आली. तेव्हापासून त्या म्हणायच्या, "आईनं ठेवलेलं नाव कामाला आलं. तो दारापर्यंत येतो, दगड बघतो अन् चुकल्यासारखा माघारी फिरतो. म्हणून माझ्या खोलीत त्याला जरा उशीर होतो."

मागच्या खोलीत औषधाच्या पलीकडे गेलेली माणसं असत. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यानं परत पाठवलेली, घरी ज्यांचं दुखणं सोसवत नाही अशी. गावात कुणी "त्यांना मागं हलवलं" म्हणालं, की ऐकणारा आवाज खाली करायचा. दगडाबाईंनी मात्र कधी आवाज खाली केला नाही. त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर भिंतीकडं तोंड केलेल्या खाटा फिरवून रस्त्याकडं लावल्या. एसटी दिसू लागली, बाजाराची माणसं दिसू लागली. मग खाटेवरची माणसं एसटीला उशीर झाला की कंडक्टरला नावं ठेवू लागली आणि खोलीत हसू ऐकू येऊ लागलं.

त्यांच्या कामात औषधं थोडी आणि हात जास्त असत. कूस बदलून देणं, पाठीला पावडर लावणं, ओठ ओले करणं, कळ वाढायच्या आधी इंजेक्शन देणं. आणि एक नियम होता, की खोटं बोलायचं नाही. कुणी विचारलं, "बाई, मी जाणार का?" तर त्या म्हणत, "व्हय. पण आज न्हाय. आज पिठलं हाय." एकदाच त्यांचा अंदाज चुकला. त्या दिवशी एका माणसाचं पिठलं उरलं, आणि त्यांनी ते स्वतः बसून खाल्लं.

हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळलं. त्या आमच्या शेजारी राहायच्या. नागप्पांची गोष्ट सांगायला मात्र त्या हातातलं काम बाजूला ठेवायच्या.

ते बहात्तर साल होतं. पावसानं पाठ फिरवली होती, विहिरींचे तळ दिसत होते आणि बागायतदारापासून अल्पभूधारकापर्यंत सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. त्या हिवाळ्यात नागप्पा मागच्या खोलीत आले. पोटात गाठ, अंगात फक्त हाडं, आणि नजर अधू झालेली. मुलगा व्यंकट आणि सून गंगम्मा सोबत होती. गंगम्मानं घरून पाण्याचा तांब्या आणला होता. ती म्हणाली, "आप्पा दुसऱ्याच्या हातचं घेत न्हाईत." दगडाबाई बौद्ध होत्या, त्यांना कारण समजलं. त्यांनी तांब्या घेतला, खाटेशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं. इथले तांबे गळतात."

बाहेर निघताना व्यंकटनं त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"शिस्टर, आप्पा मिरगापासनं अंथरुणाला खिळलेत. रान वाळून गेलंय ते त्यांना आमी सांगितलं न्हाय. ज्वारी जोरात हाय म्हणून सांगतोय. तुमी बी तेवढं सांभाळा."

"मी खोटं बोलत न्हाय, व्यंकटराव."

"मग?"

"ज्वारीतलं मला काय कळतंय, एवढं म्हणेन. ते खरंच हाय."

व्यंकट खडीच्या कामावरून सुटला की रोज चालत यायचा आणि खाटेशी बसून ज्वारीचं सांगायचा. पहिल्या दिवशी ज्वारी मांडीएवढी होती. मग छातीएवढी झाली. मग डोक्यावरून गेली. एका संध्याकाळी नागप्पांनी विचारलं, "आता कुठवर आली रं?" व्यंकटनं इकडंतिकडं पाहिलं. खिडकीतून रस्त्यावरचा विजेचा खांब दिसत होता.

"त्या खांबाएवढी, आप्पा."

शेजारच्या खाटेवर तेरखेड्याचे पिराजी होते. सारा जन्म फटाके वळून त्यांची छाती खराब झाली होती. ते खोकल्यातून म्हणाले, "मग कणसं काढायला लाइनमन बोलवावा लागंल."

व्यंकट गेल्यावर दगडाबाई नागप्पांची कूस बदलायला आल्या. नागप्पा गालात हसत होते.

"बाई, पोराचा हात हातात घेऊन बघितला का कधी? खडीनं फुटलाय. रानात काम करणाऱ्याचा हात असा फुटत न्हाय."

दगडाबाई थांबल्या. "म्हणजे तुमाला ठावं हाय?"

"माझे डोळे गेलेत, डोस्कं न्हाय. मिरगात छपरावर आवाज झाला न्हाय, मग ज्वारी कशावर वाढली?"

"मग त्यांना सांगा की एकदा. जीव हलका होईल त्यांचा."

"नगं." नागप्पांनी मान हलवली. "ते कोसभर चालत येतंय, अन् येताना वाटंनं ज्वारी वाढवत येतंय. यंदा तेवढंच पीक त्याच्या हाती लागलंय. ते बी मोडू का? तुमी बी सांगायचं न्हाय. शब्द द्या."

दगडाबाईंनी शब्द दिला. मग नागप्पांनी आपलं मागणं सांगितलं. येळवस जवळ आली होती. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावंच्या गावं रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात, आणि डाळी-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, ताकातली आंबील असं सगळ्यांनी रानातच जेवायचं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं.

"समज आल्यापासनं एक बी येळवस चुकवली न्हाय," नागप्पा म्हणाले. "हीच तेवढी राहिलीय. मला रानात न्या."

"बघवंल का तसलं रान?"

"सुकलं म्हणून काय ते दुसऱ्याचं झालं?"

दगडाबाई म्हणाल्या, "नेते."

डॉक्टरसाहेबांनी नाही-होय करत परवानगी दिली. अवघड होता तो व्यंकट. थंडी आहे, गाडीचे धक्के बसतील, वाटेत काही झालं तर, असं सगळं तो सांगत राहिला. खरं कारण सोडून. दगडाबाईंची पंचाईत झाली. दिलेला शब्द मोडता येत नव्हता आणि खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला.

"व्यंकटराव, ज्वारी तुमी लावलीत. आता ती दाखवायची कशी, ते तुमी बघा. मी माणूस घेऊन येते."

दुष्काळात दूध आटलं होतं, त्यामुळे गावच्या दूध सोसायटीची कॅन आणायची बैलगाडी रिकामीच होती. चेअरमन आण्णासाहेबांनी ती दिली. गुरांच्या छावणीतले दोन बैल जोडले. येळवशीच्या सकाळी नागप्पांना इंजेक्शन देऊन, वाकळेत गुंडाळून गाडीत झोपवलं. दगडाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. व्यंकट बैलांपुढे चालत होता.

दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं होती. तरी माणसं निघाली होती. डोक्यावर टोपल्या, अंगावर धुवून काढलेली लुगडी, आणि एकही हिरवं पान नसलेल्या रानात जागोजाग कडब्याच्या कोपी उभ्या.

व्यंकटनं चोरून मागं पाहिलं. "आप्पा जागे हायेत का?"

दगडाबाईंनी खाली बघितलं. नागप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि मोठ्यानं घोरत होते.

"बघा तुमीच," त्या म्हणाल्या.

व्यंकट निर्धास्त झाला. घोरता घोरता नागप्पांनी हळूच विचारलं, "बाई, वाकडी बाभळ आली का?"

"आली."

"मग पुढं उजवीकडं माझा बांध." आणि त्यांनी परत घोरायला सुरुवात केली.

रानात गाडी थांबली. कोपीच्या भोवती, एका खोलीएवढ्या जागेत, खरंच ज्वारी उभी होती. व्यंकटनं आदल्या दिवशी घरोघर फिरून कडब्याची एकेक पेंढी मागून आणली होती आणि ताट न् ताट, एकेक वाळलेलं धाट, मातीत खोचून उभं केलं होतं. गंगम्मानं शेंड्यांच्या पाल्याला गाठी मारून कणसं केली होती. दुष्काळात कडबा म्हणजे काय, हे तेव्हाच्या माणसालाच माहीत. पण कुणी नाही म्हटलं नव्हतं.

व्यंकटनं बापाला पाठीशी धरून बसवलं. "आप्पा, ही बघा ज्वारी."

नागप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं. "लई दाट हाय," ते म्हणाले.

एवढ्यात सोडलेल्या बैलांनी पीक पाहिलं. एकानं मान लांब केली, एक ताट तोंडात धरलं, आणि ते अलगद मातीतून वर आलं. मग दुसरं. कुणाला हलायचं सुचलं नाही. बैल कडाकडा चावत होते आणि व्यंकट खाली बघत उभा होता. गंगम्मा दगड उचलून धावली.

"मारू नगं पोरी," नागप्पा म्हणाले. "खाऊ दे. त्यांची बी येळवस हाय."

मग ते म्हणाले, "व्यंकट, पीक गुणाचं हाय रं. मुळाचा काय त्रासच न्हाय."

व्यंकटनं वर पाहिलं.

"तेवढं खांबाएवढी म्हणला होतास. जरा बुटकी वाटती."

आधी दगडाबाईंना हसू फुटलं, मग गंगम्माला, आणि मग व्यंकट मातीत बसून हसायला लागला. हसता हसता त्यानं फुटलेल्या हातांनी डोळे पुसले. "कवापासनं ठावं हाय, आप्पा?"

"मांडीएवढी होती तवापासनं."

जेवण साधंच होतं. भज्जीत पाल्याऐवजी डाळच जास्त, आणि उंडे रेशनवर आलेल्या परदेशी मिलो ज्वारीचे, लालभडक. आंबील मात्र होती. ती शिंपडत, आरोळ्या देत रानाला फेरी घालायची असते. व्यंकट मडकं घेऊन निघाला. नागप्पांनी आरोळी द्यायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तेव्हा दगडाबाईंनी ती दिली. जुनी, कानडी वळणाची आरोळी, अर्थ कुणालाच धड माहीत नसलेली. त्यांचे वडील असल्याच एका रानात सालगडी होते. लहानपणी त्यांनी ती बांधाच्या पलीकडे उभं राहून ऐकली होती. त्यांचं जेवण बांधावरच वाढलं जायचं.

व्यंकट फेरी घालून आला. गंगम्मानं पेल्यात आंबील ओतली आणि सासऱ्याच्या तोंडाशी नेली. नागप्पांनी तोंड बाजूला केलं.

"बाईंकडं दे. घशाखाली कशी उतरवायची ते त्यांना कळतं."

गंगम्मा क्षणभर तशीच राहिली. मग तिनं पेला दगडाबाईंच्या हातात दिला, आणि स्वतः सरकून त्यांना कोपीत, पांडवांजवळ जागा करून दिली. नागप्पा घोट घोट करून सगळा पेला प्याले.

पुढे थोड्याच दिवसांनी, दुपारच्या उन्हात, एसटी येऊन गेल्यावर मागच्या खोलीत त्यांचा जीव गेला. व्यंकट उशाशी होता. त्या वेळी तो कुठल्या तरी पुढच्या वर्षीच्या ज्वारीचं सांगत होता.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. येळवशीला दवाखान्याच्या दारात दगडाबाईंना न्यायला व्यंकटची बैलगाडी येऊन उभी राहिली, आणि मग दर वर्षी येत राहिली. मी शाळेत असताना एकदा दगडाबाईंबरोबर गेले. हिरवीगार ज्वारी डोक्यापर्यंत आली होती. कोपीत जाण्याआधी दगडाबाई बांधावरून उतरल्या, त्यांनी एक ताट दोन्ही हातांनी धरलं आणि ओढून पाहिलं.

"शिस्टर, दर साल काय बघता?" व्यंकटमामा मागून म्हणाले. "मुळासकट हाय."

"असू द्या," त्या म्हणाल्या, "तुमचा काय भरवसा न्हाय," आणि त्यांनी आणखी एक ताट ओढून पाहिलं. तेही हललं नाही.