मामाजींची राणी आणि माझा प्रोजेक्टर

प्रोजेक्टर हाताला गार लागला म्हणून मी त्याचा उजेड वाढवत गेलो. मी एवढंच केलं. बाकी सगळं प्रोजेक्टरने केलं.

झालं असं, की देवरीजवळच्या माझ्या सासुरवाडीला मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, होती. दिवाळीनंतरच्या या मंडईला लेकी-जावई, पाहुणेरावळे सगळे जमतात. त्यात यंदा मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, एक जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली. चाळीस वर्षांपूर्वी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, त्यांनी राणीचं काम केलं होतं, त्याची! मी ती पेनड्राइव्हवर भरून आणली. पण मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. (ऑपरेशनचं नाव काढलं की ते शेतावर निघून जातात.) टीव्हीवर त्यांना राणी आणि ढोलकी सारखीच दिसे.

"जवाईबापू, एक डाव मोठ्ठं दाखवा जी. मी कसा दिसत होतो, मलेच मालूम नाही."

त्यांचा तेव्हाचा राजा, सुखरामजी, मुद्दाम आला होता आणि पाचच्या बसने परतणार होता. म्हणजे खेळ भर दिवसा. म्हणजे उजेड दणदणीत हवा! (सौंदडला माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. ज्याला पंप कळतो त्याला प्रोजेक्टर कळतोच, असं मला त्या दिवशी चारपर्यंत वाटत होतं.)

माझा प्रोजेक्टर बिनपंख्याचा. आत एलईडी, तिच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा. उष्णता पात्यांतून आपोआप निघून जाते. एलईडी मी नुकतीच नवी बसवली होती. विकणाऱ्याने बजावलं होतं, "करंट थोडा थोडा वाढवा. दर वेळी अर्धा तास थांबा, पात्यांना हात लावा. चटका बसला की मागे फिरा."

मी शिस्तीचा माणूस. करंटचा स्क्रू केसभर फिरवला, अर्धा तास थांबलो, हात लावला. गार! पुन्हा फिरवला, पुन्हा थांबलो. माठासारखी गार!

"काऊन जी, किती वाढवून राहिले?" बायकोने विचारलं.

"थंडा हाये ना वो! आखीन लय दम बाकी हाये!"

"मशीनचा का तुमचा?"

मी तिसऱ्यांदा फिरवला.

चारला ओसरीत चादर टांगली, बटण दाबलं. काय तो उजेड! ढोलकीवाल्याच्या मिशीचा केसन् केस मोजून घ्यावा!

"दिसून राहिलं! दिसून राहिलं!" मामाजी खुर्चीतून अर्धे उठले.

राजा आला. "मी होय! मीच होय!" सुखरामजी ओरडले. राजाने हात उंचावून राणीला हाक मारली. पडद्यावर राणीचा पाय आला. नुसता पाय, पैंजणासकट. तेवढ्यात राजा जांभळा पडला, मग काळा, आणि मग ओसरीभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

मी पात्यांना हात लावला. अजूनही गारच!

खोलून पाहिलं. एलईडीची उष्णता पात्यांकडे नेणारी एक पट्टी मध्ये असते, तिच्यावरची प्लास्टिकची पन्नी मी काढलीच नव्हती! आमच्या घरी नव्या वस्तूची पन्नी काढतच नाहीत. फ्रिजला आहे, रिमोटला आहे. गाडीच्या सीटची पन्नी तर पोरगी चौथीत गेली तरी शाबूत आहे. तोच मान मी एलईडीला दिला होता. उष्णता पात्यांपर्यंत पोचलीच नाही. पाती आरामात गार बसली आणि आत एलईडी एकटी भाजली.

बायकोने तोच खेळ लावून मोबाइल पुढे केला. मामाजींनी तो नाकाला लावला. "हे राणी हाये का ढोलकी?"

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. सुखरामजी पिशवी घेऊन उठले. "तुमची राणी लय सुंदर होती जी. म्या पाह्यली हाये."

"तू त तवाच पाह्यली," मामाजी हळूच म्हणाले. "मले पाहाची होती."

मी मान खाली घालून म्हणालो, "मामाजी, पुढच्या मंडईले येतो न, दुसरा प्रोजेक्टर घेऊन..."

"या ना जवाईबापू, जरूर या," मामाजी म्हणाले. "पन हे दोन हात सौंदडलेच ठेवून या."