शेगडीच्या पोटातला हात

प्रमिलाबाईंना जुनं लोखंड दिसलं की त्या आधी त्याच्या पोटात हात घालतात. बंद पडलेला पाण्याचा पंप असो की भंगाराच्या गाडीवरचा वाकडा पाइप. रिक्षा थांबवतील, उतरतील, पदर खोचतील आणि हात आत. बाई पक्की डावखुरी. भाकरी डाव्या हाताने थापते, सही डाव्या हाताने करते. हा एक उद्योग मात्र उजव्या हाताने. अकरा वर्षं त्या माझ्याकडे स्वयंपाकाला येताहेत आणि अकरा वर्षं मी रिक्षात खोळंबून बसते आहे. एकदा वैतागून विचारलं, तेव्हा कुठे सांगितलं.

त्या शिरपूरकडच्या. लग्न होऊन सुरतेत आल्या, नवागामला खोली केली. नवरा कापडाच्या लूमवर आणि या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत. गावाकडच्यांना वाटायचं, झाडलोटीला असतील. त्या कोर करायच्या. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कुठलीही पोकळ वस्तू ओतायची तर आतल्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गोळा आधी करावा लागतो, तो कोर. वाळूत उसाची मळी कालवायची, साच्यात ठोकायची, भट्टीत भाजायची. मग पेन्सिलच्या शिशासारखी काळी पूड पाण्यात कालवून वरून बोटांनी सारवायची. भोवती लोखंड ओतलं, निवलं, की हातोडीने फोडून तो गोळा झटकून टाकतात. राहते ती पोकळी.

"बावीस वर्षं भोकं केली, ताई," त्या म्हणाल्या. "मोल्डर बाहेरचा साचा करतो, त्याला दाखवायला वस्तू तरी असते. आमचं फोडूनच टाकतात."

फाउंड्री बंद पडून बरीच वर्षं झाली. मुलगा किसन चेष्टा करतो, आईने जन्मभर राबून केलं काय, तर काहीच नाही. बाई हसण्यावारी नेतात. पण त्यांची इच्छा एकच, डोळे मिटायच्या आत आपल्या हातची एक तरी पोकळी सापडावी आणि किसनला दाखवावी. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या जगात? त्यावर त्या म्हणाल्या, जग असेल मोठं, आमचा माल वापीच्या पुढे जात नव्हता.

बारडोलीजवळ आमची थोडी उसाची जमीन आहे आणि तिच्यात सासऱ्यांनी बांधलेली कौलारू खोली. खोलीच्या कोपऱ्यात बिडाची लाकडावर चालणारी शेगडी. लोट्यासारखं पोट, वर गळा, गळ्यावर धुराडं, पुढे लहानसं दार. दारावर इंग्रजी अक्षरं, इतकी बुजलेली की दोनच कशीबशी लागतात. सासरे सांगत, ही विलायती बोटीवरची, सुरत बंदरात उतरवलेली. पोंकाच्या, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याच्या, दिवसांत तिच्याभोवती बसवून मी ही गोष्ट पन्नास वर्षं पाहुण्यांना ऐकवली आहे.

या डिसेंबरात खोली पाडून पक्की बांधायचं ठरलं. सामान आवरायला मी प्रमिलाबाईंना बरोबर नेलं. मळ्यात त्या पहिल्यांदाच येत होत्या. माझा पुतण्या योगेंद्र शेगडीचे फोटो काढून ती कुठली ते फोनवर शोधत बसला. तासाभराने निकाल लागला: स्कॉटलंड, सव्वाशे वर्षं जुनी. मला काय, हवं तेच निघालं.

प्रमिलाबाईंनी दारावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, ही अक्षरं झिजलेली नाहीत, अशीच जन्मली आहेत. तयार वस्तूवरून वाळूत छाप घेऊन दुसरी ओतली की अक्षरं बुजतात. एका शेठने त्यांच्या फाउंड्रीत बोटीवरची शेगडी आणून तिच्यावरून बारा नग करून घेतले होते. कोर पाच बायकांनी केले, त्यांत त्याही होत्या.

योगेंद्र म्हणाला, "मावशी, बीड ते बीड. त्यात तुमचं-त्यांचं कसं ओळखणार?"

प्रमिलाबाईंनी बाही वर केली. मी तो हात धरला. तीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली आहे. असली ओळखपरेड मला चालत नाही. आधी हात घालायचा आणि मग सापडलं म्हणायचं, याला पुरावा म्हणत नाहीत. आत काय असेल ते आधी सांगा, मग मी बघते.

त्या जराही रागावल्या नाहीत. उभ्या राहून डावा हात हवेत वरून खाली ओढला, एकदा, दोनदा, जणू समोर तो काळा गोळा होताच.

"गळ्याच्या खाली, दाराच्या बरोब्बर समोर," त्या म्हणाल्या. "चार बोटांचे चार फराटे. करंगळीचा आखूड. आणि करंगळीच्या पलीकडे दोन बोटं जागा साफ कोरी. तिथं कोरखालच्या ट्रेची कडी माझ्या कोपराला लागायची. उजव्या हाताच्या बायकांना नाही लागायची."

त्यांची करंगळी लहानपणापासून वाकडी आहे. भाकरीवर रोज तिचा आखूड ठसा असतो, मला माहीत होतं.

योगेंद्रने काजळी खरवडली. मी हात घातला. डावखुरीचं काम म्हणून डावा घातला. बोटांना उंचवटे लागले, पण सगळं उलटं. आखूड उंचवटा माझ्या तर्जनीखाली आला. जमत नाही हो, मी म्हटलं.

"ताई, उजवा घाला," त्या म्हणाल्या. "मी गोळ्यावर बाहेरून सारवायची, तुम्ही पोकळीच्या आतून चाचपताय. तो हात तुमच्या समोरून येतोय."

उजवा घातला. वाळूत जिथे बोटांच्या सऱ्या पडल्या होत्या तिथे लोखंडात वरंबे उठले होते, चार. माझी चार बोटं त्या चार बोटांवर टेकली, नमस्काराला हात जोडावेत तशी. चौथं आखूड. त्याच्या पलीकडे दोन बोटं सपाट, कोरी जागा. तेराशे अंशांचा रस त्या वाळूवर येऊन पडला होता. त्यात वाळूचं काय, कशाचंच काही राहू नये. आणि त्या रसाने एका बाईच्या वाकड्या करंगळीचा मान राखला होता, पुढे वर्षानुवर्षं आमची लाकडं तिच्यासमोर जळली तरी. आम्ही बाहेरची दोन अक्षरं वाचत बसलो.

मी बाजूला झाले. प्रमिलाबाईंनी उजवा हात आत घातला. त्यांना शोधावं लागलं नाही. कोपरापर्यंत गेलेला तो हात थांबला आणि थांबूनच राहिला. योगेंद्रने फोन खिशात ठेवला.

"हाऊ मन्हाच हात शे," त्या म्हणाल्या. आमच्याशी त्या अहिराणीत कधी बोलत नाहीत. तेव्हाही आमच्याशी बोलत नव्हत्याच.

मी म्हटलं, शेगडी तुमची, घेऊन जा. त्या म्हणाल्या, नवागामच्या खोलीत ही ठेवली तर माणसं बाहेर झोपतील. नव्या घरात राहू द्या, पेटती ठेवा. पण आज नको. मग काजळीच्या हातानेच त्यांनी किसनला फोन लावला. काही समजावून सांगितलं नाही, चौकशीला उत्तर दिलं नाही.

"बारडोलीला ये," म्हणाल्या. "आत्ताच. उजवा हात धुऊन ये."

मी चहासाठी काटक्या आणल्या, तर बाई शेगडीच्या दारापुढे पाट टाकून बसलेल्या. किसन येईपर्यंत त्यांनी मला काडी ओढू दिली नाही. चहा अंगणात तीन विटांवर झाला.