वायरकाकांची तीन नंबरची डिस्क

वायरकाकांना आईवडिलांनी बारशाला चांगलंसं नाव ठेवलं असणारच, पण बाहुल्यांचे सिनेमे काढणाऱ्या त्या स्टुडिओत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खिशात स्क्रूड्रायव्हर, तोंडात शीळ आणि हाताला भलती घाई, असा हा माणूस. "आधी बघा तरी!" हे बायकोचं पालुपद त्यांना घरीही ऐकावं लागे आणि कामावरही, कारण बाई त्याच स्टुडिओत बाहुल्या शिवायच्या.

त्या दुपारी सर्व्हर गोठला. हा सर्व्हर म्हणजे स्टुडिओतला सगळ्यात दांडगा कॉम्प्युटर, अख्खा सिनेमा त्याच्या पोटात. आणि संध्याकाळी तो सिनेमा पहिल्यांदाच लोकांना दाखवायचा होता!

सकाळी स्क्रीनवर इशारा आला होता, 'डिस्क ३ खराब'. सर्व्हरमध्ये डिस्क बऱ्याच असतात. एखादी आजारी पडली तर बाकीच्या सांभाळून घेतात. काकांनी शीळ घालत तीन नंबरची चिकटपट्टी असलेल्या खणातली डिस्क ओढली, नवी सरकवली, आणि यंत्र जे थिजलं ते थिजलंच. बंद करून पुन्हा लावलं, तरी सुरू होताहोता त्याच जागी अडकलं.

"काका, शेवटचं दृश्य?" दिग्दर्शिका धावत आली. बाकी सिनेमाची प्रत दुसरीकडे होती. शेवटचं दृश्य मात्र कालच संपलेलं, त्याची प्रत काढायची राहिली होती. त्यात म्हातारी बाहुली खुर्चीतून उठते आणि दारापर्यंत चालत जाते. बाहुली केसभर हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. या दृश्यापायी बिचारीच्या गुडघ्यांतल्या तारा पार तुटल्या होत्या. पुन्हा करू म्हटलं तरी करता येणार नव्हतं.

काका मटकन स्टुलावर बसले. शीळ केव्हाच बंद पडली होती.

बाई सुईदोऱ्यासकट आल्या. "अहो, तोंड का असं पडलंय?"

"एकदम दोन डिस्क गेल्या गं. नशीबच फुटकं."

"तुम्ही काढलीत ती खराबच होती कशावरून?"

"अगं, स्क्रीनवर स्पष्ट तीन लिहिलं होतं. हे बघ, मोजतो तुझ्यासमोर. शून्य, एक, दोन..." आणि काकांचं बोट हवेतच राहिलं.

यंत्र शून्यापासून मोजतं. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला काकाच हे बजावून सांगत. आणि खणांवर चिकटपट्ट्या लावताना स्वारीने सुरुवात केली होती ती एकपासून! म्हणजे यंत्राची तीन ती काकांची चार. धडधाकट डिस्क बाहेर काढली होती आणि आजारी आतच. ती धड मेलीही नव्हती. सर्व्हर तिला पुन्हा पुन्हा हाक मारत होता आणि उत्तराची वाट बघत खोळंबला होता.

"अहो, मग बसलात काय?"

काकांनी आजारी डिस्क काढली, नवी काढली, धडधाकट डिस्क तिच्या खणात परत बसवली आणि सर्व्हर लावला. स्क्रीनवर प्रश्न आला. काकांचं बोट सवयीने बटणाकडे धावलं, तोच बाईंनी मनगट धरलं. "मोठ्याने वाचा."

काकांनी वाचलं. एक उत्तर होतं, जुनी माहिती परत घ्या. दुसरं, सगळं पुसून नव्याने सुरू करा. बोट दुसऱ्यावर टेकायच्याच बेतात होतं. काकांनी ते झटकन मागे घेतलं. त्यांनी पुन्हा वाचलं, बायकोकडे पाहिलं आणि पहिलं दाबलं.

पंखे घुमले. हिरवे दिवे लुकलुकले. फायली एकेक करून दिसू लागल्या आणि दिग्दर्शिकेने आनंदाने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली.

"आधी शेवटचं दृश्य लावा," ती म्हणाली. "आहे ना नीट, ते बघू."

बाईंनी त्या बाहुलीचे गुडघे कितीदा उसवले होते, कितीदा शिवले होते. पण तिला हलताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. पडद्यावर म्हातारीने खुर्चीचा हात धरला, जरा दम खाल्ला आणि चक्क उभी राहिली.

"अगं बाई!" बाई पुढे झाल्या, दोन्ही हात पसरून. "खुर्ची सोडू नकोस, पडशील!"

म्हातारीने खुर्ची सोडली. एक पाऊल, मग दुसरं. सगळे हसत होते आणि काकांना हसताहसता समोरचं धूसर दिसत होतं. म्हातारी दाराशी पोचली तेव्हा बाईंचे हात अजून तसेच पसरलेले होते.

"चालली हो माझी," त्या म्हणाल्या. "लावा की परत एकदा."