चौदा तारखेचं पान

मिथुनचं नाक कापायचं ते भर कोर्टात आणि लेकही तिथंच मिळवायची, अशी दीपमालानं मनाशी गाठ मारली होती.

लग्नाआधी ती अंबडला अंगणवाडीत होती. दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं लिहिता लिहिता तिला टिपून ठेवायची सवयच लागली. अक्षता झाली तशी तिनं वही सुरू केली. कधी पाजलं, शी कशी झाली, कशानं रडली, कशानं गप झाली. शेजारी बापासाठी एक रकाना मोकळा ठेवला. मिथुननं त्यात एक अक्षर लिहिलं नाही. पोरगी रडली की हा भोकरदनच्या बाजारात पसार.

पुढं त्यानं हिला नेसत्या साडीनिशी घराबाहेर काढलं. लेकरू कडेवर माहेरी अंबडला आलं, वही तिकडंच राहिली. मागितली तर रद्दीत गेली म्हणाला. मग त्यानंच अंबडच्या कोर्टात अर्ज टाकला, आई हयगय करते, लेकराचं सगळं मीच केलंय, ताबा मला द्या. पुरावा काय, तर त्याच्या अक्षरातली नवी करकरीत वही. यात लिहिलेलं सगळं मी स्वतः केलेलं आहे, असं शपथेवर सांगून मोकळा झाला.

कोर्टात त्यानं वाचलेल्या पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं तिनं लिहिलेलं. तिचे वकील ही चोरी आहे म्हणून उठायला लागले, तशी तिनं त्यांची बाही धरली.

"काई बोलू नका. त्याला चौदा तारखेचं पान वाचाया लावा." आजवर ती नवऱ्याला 'ते' म्हणायची.

मिथुन शाळेतही दुसऱ्याचा गृहपाठ उतरवूनच पुढं सरकलेला. इथं तिची वही उतरवताना त्यानं 'सासूबाई'च्या जागी 'आई' तेवढं केलं होतं. ऐटीत वाचू लागला. "सकाळपासून ताप. आईनं ओली पट्टी ठेवली. पाणी घेईना. शेवटी दोनदा अंगावर पाजलं, तेव्हा झोपली."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"कुणी पाजलं?"

मिथुननं वही मिटली. पट्टेवाला तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला. अक्षता आईकडंच राहील, असा हुकूम त्याच दिवशी झाला.

फाटकाशी मिथुननं तिला गाठलं. "गावात सांगू नको," एवढंच म्हणाला.

 समोरच्या दुकानातून दीपमालानं नवी वही घेतली, बापाचा रकाना आखला आणि त्यात लिहिलं, 'दोनदा अंगावर पाजलं.' मग त्या पानाचा फोटो काढून तो त्याच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला.